रहस्यकथा आणि आत्मकथा : आमच्या वाचक-मंडळाचा एक चातुर्मास

वाचनाची गोडी लागावी, पण वाचनाचें वेड लागूं नये, असें आम्ही तीस-पस्तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगत आलों. गोडी कोठें संपते आणि वेड कोठें सुरू होतें, हें मात्र त्या काळांत आम्हांला कोणीं विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें तर समाधानकारक उत्तर देतां आलें असतें असेंहि नाहीं. गेल्या चातुर्मासांत तोच प्रश्न आमच्याच ओसरीवर, आमच्याच घरच्या माणसानें उभा केला. ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात त्यांना त्या हकीकतीचा कांहीं उपयोग होईल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या आळींतील चार-पांच घरांचें मिळून एक लहानसें वाचक-मंडळ आहे. त्याला ना घटना, ना वर्गणी. सभासद अकरा, त्यांत एक डॉक्टर, एक वकील, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक शिक्षिका, महाविद्यालयांत शिकणारा एक तरुण, आणि बाकीच्या घरोघरच्या सासवा-सुना. पंधरवड्यांतून एकदां, शनिवारीं दिवेलागणीनंतर, पाळीपाळीनें एकेका घरीं जमावें, एखाद्या पुस्तकावर बोलावें, चहा घ्यावा आणि आपापल्या घरीं जावें, असा क्रम. आजवर हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या, इरावतीबाई कर्व्यांचें ‘युगान्त’ अशा ग्रंथांवर आमचा योगक्षेम चालला होता. आषाढी एकादशीच्या आधींच्या बैठकींत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं सूचना मांडली कीं, यंदा प्रत्येकानें एक रहस्यकथा आणि एक आत्मकथा सुचवावी, इतरांनीं तीं पुस्तकें वाचावीं, आणि कार्तिकी एकादशीला काय पदरांत पडलें त्याचा हिशेब मांडावा.

आत्मकथेविषयीं कोणाचीच तक्रार नव्हती. रहस्यकथेचें नांव निघतांच मात्र आम्हीं स्पष्ट विरोध केला. चातुर्मास हा नियमांचा काळ. त्यांत खून, दरोडे आणि विषप्रयोग यांचें पारायण करावयाचें काय? शिवाय अशा पुस्तकांनीं बुद्धि शिणते आणि चित्त चळतें, हें आमचें जुनें मत होतें, तेंहि आम्हीं ऐकविलें. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही मुद्राराक्षस किती वर्षें शिकविलेंत? त्यांत विषकन्या आहे, खोटें पत्र आहे, हेराच्या हातीं लागलेली मुद्रा आहे, आणि पावलोपावलीं हेर आहेत. मृच्छकटिकांत तर घरफोडी आहे, आणि न केलेल्या खुनाचा खटलाहि आहे. तें चालतें, मग हें कां चालूं नये?”

विशाखदत्त आणि शूद्रक यांना साक्षीस आणल्यावर आम्हांला बोलावयास जागा उरली नाहीं. वकीलसाहेब हंसून म्हणाले, “मास्तर, प्रतिवादीनें वादीचेच कागद हजर केले!” सूचना एकमतानें मंजूर झाली, त्या एकमतांत आमचें मत धरलें होतें किंवा नाहीं, हें कोणीं विचारलें नाहीं.

अनुमानाची शाळा

पहिलें पुस्तक डॉक्टरांनीं सुचविलें, तें सर आर्थर कॉनन डॉईल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथांचें. डॉईल स्वतः वैद्य. एडिंबरो येथें त्यांना शिकविणारे डॉक्टर जोसेफ बेल रोग्याकडे नुसतें पाहून त्याचा धंदा आणि प्रवास सांगत, आणि त्यांच्यावरूनच होम्सची कल्पना सुचली, हें डॉईल यांनींच नमूद केलें आहे. होम्स प्रथम अवतरला १८८७ सालीं. लेखकाला पुढें त्याचा इतका कंटाळा आला कीं, १८९३ मध्यें त्यानें त्याला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यांत ढकलून संपविलें. परंतु वाचकांनीं सुतक धरल्यासारखा आकांत मांडला, आणि १९०३ मध्यें त्याला जिवंत करून परत आणावें लागलें.

आम्ही पुस्तक हातीं घेतलें तें दोष काढण्याच्या बुद्धीनें. पण ‘सिल्व्हर ब्लेझ’ या १८९२ च्या कथेपाशीं येऊन थबकलों. शर्यतीचा घोडा रात्रीं तबेल्यांतून नाहींसा होतो. तबेल्यांत कुत्रा आहे. पण तो त्या रात्रीं भुंकला नाहीं. यावरून होम्स ठरवितो कीं, घोडा नेणारा मनुष्य कुत्र्याच्या परिचयाचा होता. वाचकहो, भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती यांनीं ‘अनुपलब्धि’ नांवाचें जें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे, तें पाठशाळेंत शिकतांना आम्हांला किती जड गेलें होतें! जी वस्तु असती तर अवश्य दिसली असती, ती दिसत नाहीं, यावरून तिचा अभाव कळतो. जमिनीवर घट नाहीं, हें त्याचें ठरलेलें उदाहरण. त्या घटानें आमच्या तीन पिढ्यांतील विद्यार्थ्यांची झोंप पुरविली. आणि येथें एक न भुंकलेला कुत्रा तोच सिद्धान्त एका क्षणांत गळीं उतरवितो! न भुंकणें कळलें तें अनुपलब्धीनें. त्यावरून चोर परका नव्हे हें ठरविलें तें अनुमानानें. हेतु कोणता, व्याप्ति कोणती आणि हेत्वाभास कोठें झाला, हें होम्सच्या कथेवरून मुलांना विचारलें असतें तर आमच्या वर्गांत जांभया कमी आल्या असत्या, असें त्या रात्रीं वाटलें, आणि वाईटहि वाटलें.

वकीलसाहेबांनीं विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ ची कादंबरी पुढें केली. तिचा धागा आपल्या देशाशीं जुळलेला आहे. सोमनाथाच्या चंद्रमूर्तीच्या भाळावरील हिरा हातोहात फिरत टिपू सुलतानाकडे येतो. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून तो पळवितो. पुढें इंग्लंडांत त्याच्या भाचीला तिच्या अठराव्या वाढदिवशीं तो भेट म्हणून मिळतो, आणि त्याच रात्रीं नाहींसा होतो. तीन ब्राह्मण त्याच्या मागावर इंग्लंडपर्यंत गेलेले आहेत. शेवटीं हिरा कोठें जातो हें आम्ही सांगत नाहीं. परंतु साम्राज्याच्या ऐन भरांत एका इंग्रज लेखकानें लूट ती लूटच म्हटली, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वकीलसाहेबांना आवडली ती तिची मांडणी. घरचा कारभारी, धर्मवेडी नातलग बाई, वकील, वैद्याचा मदतनीस, असे निरनिराळे साक्षीदार आपापलें निवेदन लिहितात, आणि प्रत्येकानें आपण पाहिलें तेवढेंच सांगावें असें बंधन असतें. कोणीहि खोटें बोलत नसतांना खरें हातीं लागत नाहीं. “कोर्टांत रोज हेंच पाहतों,” असें वकीलसाहेब म्हणाले.

बँकेंतील गृहस्थ नोकरीनिमित्त कांहीं वर्षें कलकत्त्यास होते. त्यांनीं शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी आणला. व्योमकेशाला ‘डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेणें आवडत नाहीं. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणतो. १९३२ च्या सुमारास जन्मलेला हा धोतर नेसणारा सत्यान्वेषी लग्न करतो, संसार करतो, आणि घरांतल्या माणसांच्या मनांतूनच गुन्ह्याचा माग काढतो. शरदिंदुबाबू मुंबईच्या चित्रपटसृष्टींत काम करून पुढें पुण्यास स्थायिक झाले, आणि शिवकालांतील सदाशिव नांवाच्या मुलाच्या साहसकथाहि त्यांनीं बंगालींत लिहिल्या, हें ऐकून मंडळींना मोठा आनंद झाला. मुलांसाठीं त्या कथा अवश्य मिळवाव्यात.

शिक्षिकाबाईंनीं ॲगाथा ख्रिस्ती यांची दोन्हीं पुस्तकें सुचविलीं : १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, आणि त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्यें प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र. पहिलीचा शेवट फोडणें हें महापातक असल्यामुळें आम्ही मौन धरतों. पण ज्या साली ती कादंबरी निघाली, त्याच साली डिसेंबर महिन्यांत लेखिका स्वतःच अकरा दिवस नाहींशा झाल्या होत्या. सगळें इंग्लंड त्यांना शोधत असतां त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलांत परक्या नांवानें राहिलेल्या सांपडल्या. आत्मचरित्र चांगलें जाडजूड आहे. लहानपणच्या खेळण्यांपासून सर्व कांहीं त्यांत आलें आहे. त्या अकरा दिवसांविषयीं मात्र अक्षर नाहीं. “रहस्यकथा लिहिणारीनें आयुष्यांतलें रहस्य कोणाच्या हातीं लागूं दिलें नाहीं,” असें शिक्षिकाबाई म्हणाल्या, आणि येथून आमच्या चर्चेला निराळेंच वळण लागलें. रहस्यकथेचा लेखक प्रथम लपवितो आणि शेवटीं सांगतो. आत्मकथेचा लेखक आरंभीं सर्व सांगतों म्हणतो, आणि कांहींतरी लपवितोच. तेव्हां आत्मकथा वाचावयाची तर होम्सच्या डोळ्यांनीं वाचावी. कोणता कुत्रा भुंकला नाहीं तें पाहावें.

न भुंकलेल्या कुत्र्यांचा शोध

आत्मकथांत आमची स्वतःची शिफारस विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची होती. पेण तालुक्यांतील वरसईचा हा भिक्षुक घरचें कर्ज फेडावें म्हणून १८५७ सालीं चुलत्यांसह उत्तरेकडे दक्षिणा मिळविण्यास निघाला, आणि नेमका बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशीच्या वेढ्यांत तो शहरांत होता. राणी लक्ष्मीबाईंना त्यानें जवळून पाहिलें. शहर पडल्यावरची कत्तल त्यानें लपून राहून काढली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. तरीहि गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरीं परतला आणि आईबापांना त्यानें गंगोदकानें स्नान घातलें. चिंतामणराव वैद्य यांनीं हें पुस्तक १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें, पण त्यांत बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत वाचकांना मिळाली ती दत्तो वामन पोतदार यांच्यामुळें, १९६६ मध्यें. म्हणजे येथें लपविणारा लेखक नव्हे, संपादक. आणि राज्य कोणाचें होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांनाहि दोष देववत नाहीं. महाविद्यालयांतला तरुण हें पुस्तक एका बैठकींत वाचून उठला, आणि म्हणाला कीं, याच्यापुढें रहस्यकथा फिक्या आहेत.

डॉक्टरांच्या पत्नींनीं रमाबाई रानडे यांचें १९१० चें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक सुचविलें. नवरा शिकवूं पाहतो, आणि घरांतल्या वडील बायका शिकणाऱ्या सुनेला टोचून खातात. दोघांचाहि मान राखून त्या मुलीनें अक्षर अक्षर कसें मिळविलें, याची ही कथा. नांव ‘आमच्या आयुष्यांतील’; पण पतीचें मोठेपण सांगतांना आपलें मोठेपण त्यांनीं पानापानांत झांकलें आहे, आणि तें झांकलेलेंच अधिक दिसतें. सासूबाई व सूनबाई अशा दोघींनीं मिळून सुचविलेलें पुस्तक अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. १९३४ ते १९३६ मध्यें चार भागांत तें निघालें; शेवटचा भाग मातेच्या निधनामुळें देवदत्तांना पुरा करावा लागला. पति १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, त्यानंतरचीं ताटातुटीचीं वर्षें, आणि पुढें स्वतःचा धर्मबदल, हें सर्व ज्या हंसतमुखानें सांगितलें आहे, तें वाचून आमच्या मंडळांतील अत्यंत सोवळ्या आजीबाई सुद्धां म्हणाल्या, “बाईनें धर्म बदलला, पण जिभेचा गोडवा नाहीं बदलला.”

मग तरुणाची पाळी आली. त्यानें दया पवार यांचें ‘बलुतं’ हें १९७८ चें पुस्तक टेबलावर ठेवलें. त्यांत दगडू मारुती पवार हा आपली जन्मकथा दया पवार याला सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच. शिकून शहाणा झालेला माणूस आपल्यांतल्या गांवकुसाबाहेरच्या मुलाला समोर बसवितो आणि म्हणतो, बोल. नगर जिल्ह्यांतील महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्या हकीकती आम्हीं एकेकट्यानें वाचल्या, आणि पुढच्या बैठकींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या गांवाच्या आठवणी आम्ही किती रसाळपणें सांगतों! देऊळ, घाट, आंब्याची राई, काकांचा वाडा. त्या सर्व आठवणींत गांवाची वेस कोठें संपते, आणि तिच्या पलीकडे कोण राहत होतें, याचा उल्लेख नसतो. वकीलसाहेब हलक्या आवाजांत म्हणाले, “आजवर आपण इतक्या साक्षी वाचल्या, हा साक्षीदार बोलावलाच नव्हता.” कोणीं खंडन केलें नाहीं. आमच्या मतें चातुर्मासांतील सर्वांत मोठें वाचन तेंच झालें.

डाळीच्या डब्यांतील झुंजार

आतां घरची गोष्ट. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. कांचबिंदूनें दृष्टि गेली त्याला चार वर्षें झालीं. तेव्हांपासून माजघरांतल्या पलंगावर बसून जप करावा, विचारलें तर बोलावें, एरवीं गप्प असावें, असा त्यांचा दिनक्रम झाला होता. श्रावणांतली बैठक आमच्या घरीं भरली असतां आंतून त्यांचा आवाज आला, “अगो, बाबूराव अर्नाळकरांचें झुंजारचें पुस्तक मिळालें तर बघा.”

आम्ही चकितच झालों. बाबूराव अर्नाळकर यांनीं एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हीं नांवें एका काळीं महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं होतीं. पण आमच्या घरीं त्या पुस्तकांना वडिलांची सक्त बंदी होती. मातोश्रींनीं उलगडा केला. लग्न होऊन आल्यावर शेजारणीकडून त्या तीं पुस्तकें आणीत, आणि तुरीच्या डाळीच्या डब्यांत लपवून दुपारीं सर्वांची निजानीज झाल्यावर वाचीत. हें सात-आठ वर्षें चाललें, आणि घरांत कोणाला कळलें नाहीं! सूनबाईंनीं पुस्तक मिळविलें आणि रोज दुपारीं अर्धा तास वाचून दाखविण्यास आरंभ केला. तिसऱ्या दिवशीं मातोश्री स्वतःच हांक मारून “पुढें काय झालें गो?” म्हणूं लागल्या. झुंजार संपल्यावर त्या शेजारणीची गोष्ट निघाली, तिच्यावरून माहेरची, मग पानशेतच्या पुराची. सूनबाईंनीं वही घातली आहे. तिचीं आजवर साठ पानें भरलीं.

त्या दुपारीं दाराआडून ऐकतांना आम्हांला दुसरेंच एक पुस्तक आठवत होतें. १९८९ सालीं नववीच्या वर्गांत एक मुलगा संस्कृतच्या पुस्तकाआड रहस्यकथा वाचतांना आम्हांला सांपडला. आम्हीं ती सर्व वर्गासमक्ष फाडली आणि तुकडे टोपलींत टाकले. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. रात्रपाळीचे पहारेकरी, जागरण करतां यावें म्हणून भाड्यानें पुस्तकें आणीत. मुलानें तें विचारल्यावांचून दप्तरांत घातलें होतें. ते आमच्यावर रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “गुरुजी, तुकडे असतील तर द्या, दुकानदाराला दाखवीन, नाहींतर तो अनामत कापील.” टोपली रिकामी झालेली होती. आम्ही तसें सांगितलें. पैसे देण्याची गोष्ट आमच्या तोंडांतून निघाली नाहीं. शिस्तीला धक्का पोहोंचेल असें वाटलें. तो मुलगा दहावीपर्यंत आमच्या वर्गांत होता. प्रश्न विचारला तर उत्तर देई. पण मान वर करून नव्हे.

कार्तिकी एकादशीला हिशेब मांडतांना आम्हीं ही हकीकत मंडळापुढें सांगितली. आत्मकथेंतल्या लपविलेल्या जागा आम्ही चार महिने दुसऱ्यांच्या पुस्तकांत हुडकीत होतों, तेव्हां आपली एक तरी सांगणें प्राप्त होतें. कोणीं आमचें सांत्वन केलें नाहीं, हें योग्यच झालें. मातोश्री मात्र आंतून म्हणाल्या, “अरे, ते पैसे द्यायचे राहिलेच कीं.”

त्या कुटुंबाचा आतां पत्ता लागत नाहीं. म्हणून आम्हीं गांवांतल्या एका शाळेच्या ग्रंथालयाला पन्नास रहस्यकथा देऊन टाकल्या, आणि मुलांना त्या घरीं नेऊं द्याव्यात एवढी अट घातली. यानें देणें फिटलें असें आम्ही म्हणत नाहीं.

आमच्या सुज्ञ वाचकांना एकच विनंति. आपापल्या घरीं असा एक चातुर्मास करून पाहावा. रहस्यकथा मुलांच्या हातून हिसकावूं नये. तींत काय वाचलें तें त्यांना विचारावें. आत्मकथा एक आपल्यासारख्यांची वाचली तर दुसरी वेशीपलीकडच्याची वाचावी. आणि घरांत दृष्टि गेलेलें कोणी वडील माणूस असेल, तर त्यांना काय वाचून दाखवावें हें आपण ठरवूं नये; त्यांनाच विचारावें. डाळीच्या डब्यांत काय होतें, हें त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?